मुका झालेला ब्राउझर

उमाशंकर ज्या टेबलाशी बसतो तिथला मॉनिटर कायम बंद असतो. नवीन आलेला माणूस हटकून सांगतो, "सर, तुमचा कॉम्प्युटर बंद आहे." मग उमाशंकर हेडफोन जरा बाजूला सारतो आणि म्हणतो, "चालू आहे. मला पडद्याचा उपयोग नाही, म्हणून तेवढाच बंद ठेवलाय."

नळदुर्गातल्या एका छोट्या कॉलेजच्या ऑफिसात तो क्लार्क आहे. मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज तपासायचे आणि साईटवरून पुढं पाठवायचे, हे त्याचं काम. डोळ्यांना काहीच दिसत नाही. पण पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारा एक प्रोग्राम असतो, स्क्रीन रीडर म्हणतात त्याला. तो एका बाईच्या मराठी आवाजात उमाशंकरच्या कानात वाचत राहतो आणि उमाशंकर ऐकत ऐकत कीबोर्डवर काम करतो. त्या आवाजाचा वेग त्यानं इतका वाढवून ठेवला होता, की दुसऱ्या कुणी हेडफोन कानाला लावला तर त्याला फुटाणे भाजताना होतो तसा नुसता तडतडाट ऐकू यायचा.

मागच्या सप्टेंबरात, एका सोमवारी सकाळी त्यानं नेहमीसारखी शिष्यवृत्तीची साईट उघडली. त्या बाईनं वाचलं, "आपला ब्राउझर जुना झाला आहे. कृपया अपडेट करा." त्याच्या खाली काहीच नव्हतं. नाव टाकायची जागा नाही, बटण नाही. त्यानं ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला, मशीनच बंद करून चालू केलं, तरी तेच. अर्ज पाठवायची मुदत शनिवारपर्यंत होती.

उमाशंकरला नवल वाटलं नाही. हे आज ना उद्या व्हायचंच होतं, कारण अपडेट येणं त्यानंच बंद करायला लावलं होतं.

दिसणाऱ्या माणसाला अपडेटचं काही वाटत नाही. बटण वरचं खाली गेलं तर नजर दोन क्षणांत त्याला शोधून काढते. उमाशंकरला अख्खी साईट पाठ करावी लागते. कुठल्या रकान्यानंतर कुठला, कुठं बाणाचं बटण दाबायचं, कुठं टॅब, हे सगळं बोटांत बसवावं लागतं. चार-पाच वर्षांपूर्वी असे अपडेट एकामागोमाग एक येत राहिले. दरवेळी ब्राउझरमधलं काही ना काही हललेलं असायचं आणि आठवडाभर तो चाचपडत बसायचा. शेवटी बेजार होऊन त्यानं धनाजीला गाठलं. धनाजी तुळजापूरचा. तीन-चार शाळा-कॉलेजांचे कॉम्प्युटर सांभाळायचं काम त्याच्याकडं होतं.

"धनाजी, हे अपडेट येणंच बंद करून टाक बाबा."

"सर, ते बरं न्हाय. जुनं ठेवलं की चोराला दार उघडं राहतंय. व्हायरस-बियरस येतेत."

"येऊ देत. मला जरा दम खाऊ दे."

धनाजीनं नाइलाजानं बंद केलं. त्यानंतरची वर्षं खरंच निवांत गेली होती.

मंगळवारी दुपारी धनाजी मोटारसायकलवरून आला. आल्या आल्या त्यानं उमाशंकरचा मॉनिटर चालू केला, आणि बराच वेळ नुसता माऊसचा खटखट आवाज येत राहिला. अपडेट होईना. निम्म्यावर जायचं आणि चूक दाखवून थांबायचं. डिस्क जुन्या स्कॅन केलेल्या कागदांनी भरून गेली होती, त्यामुळं नव्याला जागाच नव्हती. ते कागद त्यानं दुसरीकडं हलवले. बंद करून ठेवलेलं अपडेटचं काम पुन्हा सुरू केलं. तरी अडकलं, तेव्हा त्यानं उमाशंकरच्या नेहमीच्या साईटच्या खुणा आणि पासवर्ड आधी बाजूला जपून ठेवले, जुना ब्राउझर काढून टाकला आणि बनवणाऱ्यांच्या साईटवरूनच नवा उतरवून घेतला.

शेजारच्या टेबलावरचा शंतनू खुर्ची ओढून बघायला आला. शंतनू वर्षापूर्वी लागलेला, कंत्राटी पोरगा, कामाला चलाख. तो म्हणाला, "एवढं कशाला? मला तर परवा एका साईटवर खोका आला होता, तुमचा ब्राउझर जुना आहे, इथं दाबा म्हणून."

"दाबलं का काय?" धनाजीचा हात थांबला.

"नाही, तेवढ्यात लाईट गेली."

"नशीब तुमचं. साईटच्या पोटात येणारे असले खोके खोटे असतेत. कवाच दाबू नका. अपडेट घ्यायचं ते ब्राउझरच्या स्वतःच्या मेनूत जाऊन, मदत म्हणून असतंय त्यात. तिथं आवृत्ती पण दिसती. आन् झाल्यावर सगळ्या खिडक्या बंद करून ब्राउझर परत उघडायचा, नायतर ते अर्धवट राहतंय."

साडेतीनच्या सुमारास साईट उघडली. शंतनू म्हणाला, "आली!" आतल्या केबिनमधून मुख्य लिपिक नारायणराव बाहेर आले, त्यांनी चष्मा सारखा करून पडदा पाहिला आणि म्हणाले, "सुटलो बुवा." धनाजीला उमरग्याला दुसरं काम होतं. चहा पिऊन तो निघाला. हायवेवर त्याच्या मोटारसायकलचा आवाज ट्रकांच्या आवाजात विरून गेला, तेव्हा कुठं उमाशंकर आपल्या खुर्चीत बसला आणि त्यानं हेडफोन कानाला लावला.

ब्राउझरचं नाव वाचलं गेलं. साईटचं नाव वाचलं गेलं. आणि त्यानंतर काहीच नाही.

त्यानं बाण दाबला. टॅब दाबलं. सगळं पान वाचून दाखवायची जी बटणं असतात ती दाबली. कानात नुसता पंख्यासारखा बारीक सूं आवाज. ब्राउझर सोडून बाहेर आला की बाई बोलायची. तारीख सांगायची, फाईलींची नावं वाचायची. पुन्हा ब्राउझरमध्ये गेला की गप्प.

"शंतनू, जरा इकडं बघ रे. पान दिसतंय का?"

शंतनूनं वाकून पाहिलं. "दिसतंय की सर. सगळं व्यवस्थित आहे. वर नाव, खाली तुमचे अर्ज. रंग पण छान दिलाय या वेळेस."

"मला काही ऐकू येत नाही."

"आवाज बारीक झाला असंल." शंतनूनं आवाजाचं बटण मोठं केलं. सूं आवाज मोठा झाला.

उमाशंकरनं धनाजीला फोन लावला. धनाजी जळकोटच्या पुढं पोचला होता. रस्त्याच्या कडेला थांबून त्यानं ऐकून घेतलं. "सर, ब्राउझर तर एकदम चांगला चालायलाय, मी डोळ्यानं बघून निघालाव. तुमचं ते बोलणारं जे आहे, त्यातलं मला खरंच काही कळत न्हाय. सोमवारी येतो, बघू काय करता येतंय."

सोमवारी म्हणजे मुदत संपल्यावर.

त्या दिवशी संध्याकाळी नारायणराव त्याच्या टेबलाशी आले. त्यांच्या चपलेचा घासत चालायचा आवाज उमाशंकर लांबूनच ओळखायचा. त्यांनी टेबलावरचा अर्जांचा गठ्ठा उचलला.

"उमाशंकर, तुम्ही त्रास करून घेऊ नका. निम्मे शंतनूकडं देतो, निम्मे मी बघतो. तुम्ही आठवडाभर आराम करा."

"होईल सर माझं. उद्या काहीतरी मार्ग काढतो."

"अहो, आम्ही आहोत की. मागं नव्हतं का केलं?"

उमाशंकरनं गठ्ठा परत मागितला नाही. कारण मागं त्यांनी खरंच केलं होतं.

उमाशंकर कॉलेजात लागला तेव्हा त्याला दिवसा थोडं दिसायचं. डोळ्यांचा पडदा झिजत चाललाय, हे सोलापूरच्या डॉक्टरांनी तो एकोणीस-वीस वर्षांचा असतानाच सांगितलं होतं. त्याच्या अव्वानं, म्हणजे आईनं, ते मनावर घेतलं नाही. घरात कानडी बोलणारी ती बाई, दर सोमवारी महादेवाला अभिषेक घालायची आणि म्हणायची, आपल्या घरात कुणाला असं झालेलं नाही. नोकरी लागल्यावर उमाशंकर रजिस्टरला नाक टेकवून लिहायचा. पुढं आकड्यांत चुका व्हायला लागल्या. एका पोराच्या गुणांत तिनाचे आठ झाले आणि ते प्रकरण प्राचार्यांपर्यंत गेलं. तेव्हा नारायणराव त्याच्या बाजूच्या टेबलावर साधे क्लार्क होते. त्यांनी प्राचार्यांना सांगितलं, याचं काम मी बघतो, पण याला काढू नका. आणि दोन वर्षं त्यांनी खरंच दोघांचं काम केलं. उमाशंकर नुसता समोर बसायचा, शिक्के मारायचा, पगाराच्या दिवशी सही करायचा. त्या दोन वर्षांत ऑफिसातल्या कुणी त्याला टाकून बोललं नाही. त्यालाच घरी जाताना पाय जड व्हायचे.

त्यानंतर तो रजा काढून पुण्याला गेला आणि अंध लोकांना कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एका संस्थेत राहिला. तिथून परत आला तो स्वतःचं काम स्वतः करणारा क्लार्क म्हणून. नारायणरावांना त्या दिवशी त्यानं पहिला अर्ज स्वतः पाठवून दाखवला तेव्हा ते नुसते पाठीवर थोपटून गेले होते.

अशा माणसावर रागवायचं कसं?

बुधवारी तो वेळेवर ऑफिसात गेला आणि रिकाम्या टेबलाशी बसला. कुणी त्याच्याकडं काम आणलं नाही. शिपाई दोनदा चहा घेऊन आला. खिडकीशी एक पोरगी आली, आवाजावरून अणदूरकडची वाटली. "सर, माझ्या अर्जात वडलांचं नाव चुकलंय, दुरुस्त करायचं व्हतं."

"शंतनू सरांकडं जा," उमाशंकर म्हणाला.

"मागच्या वर्षी तुमीच केलतं की."

"यंदा त्यांच्याकडं आहे."

ती गेली. तिच्या मागं आणखी दोघं आली, त्यांनाही त्यानं तेच सांगितलं. शंतनूच्या टेबलापाशी गर्दी झाली, त्याचा आवाज चढायला लागला, आणि उमाशंकर हात मांडीवर ठेवून ते ऐकत राहिला. दुपारनंतर त्याला झोप यायला लागली. कामाच्या दिवशी त्याला कधी झोप येत नसे.

घरी गेल्यावर त्याची बायको शिवप्रिया अंगणवाडीतून नुकतीच आली होती. तिनं त्याच्या हातातली पिशवी घेतली. काय झालं ते त्यानं तिला कालच सांगितलं होतं. भाकरी थापता थापता म्हणाली, "दोन दिवस रजा टाका की. शनिवार गेला की आपोआप निवळंल."

"टाकाविशी वाटते," तो म्हणाला.

"मग टाका."

"रजा टाकली की ते म्हणतील, बरं चाललंय की उमाशंकरशिवाय. पुढच्या वर्षी अर्ज माझ्याकडं येणारच नाहीत."

"मग धनाजी येईपर्यंत थांबा."

"धनाजीला त्यातलं कळत नाही. तो तरी काय करणार?" तो घोटभर पाणी प्यायला. मग म्हणाला, "मला शिकायचा कंटाळा नाही गं. पण एकदा शिकलेलं दरवेळी कुणीतरी पुसून टाकतं आणि म्हणतं, आता पुन्हा पहिल्यापासून. त्याचा थकवा येतो. दिसणाऱ्यांना तेच काम एकदाच करावं लागतं."

शिवप्रियानं तव्यावरची भाकरी उलटली. "त्या कळंबच्या बाईला विचारलंत का? तुमच्याबरोबर पुण्याला होती ती."

ती राजेश्वरी. जन्मापासून अंध, कळंबच्या आडतदाराची मुलगी, आता धाराशिवला एका ऑफिसात आवक-जावक सांभाळते. तिला फोन करायचं उमाशंकरच्या मनात कालच आलं होतं. पण तिला सांगायचं म्हणजे चार वर्षं अपडेट बंद ठेवल्याचं सांगायचं, आणि ती कशी बोलणार हे त्याला ठाऊक होतं.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिस रिकामं झालं तेव्हा त्यानं तिला फोन लावला. सगळं ऐकून घेऊन तिनं एकच विचारलं.

"भाऊ, तुमच्या रीडरची आवृत्ती कंची हाय?"

त्यानं मेनूत जाऊन आकडा ऐकला आणि तिला सांगितला.

"हे तर पुण्याहून आणलंय तुमी तेच हाय का काय?"

"नाही, मधी एकदा बदललं होतं."

"एकदा! ब्राउझरचं अपडेट बंद ठेवलं तर ठेवलं, रीडरचं पण बंद ठेवलं? भाऊ, आता ब्राउझर पुढं गेला आन् रीडर मागं राहिला. त्या दोघांची बोली जुळंना झाली. ब्राउझर जे सांगायलाय ते तुमच्या रीडरला समजंना, म्हणून ते गप बसतंय. ब्राउझरमधी काही बिघाड न्हाय."

"मग आता?"

"रीडर नवा करा. पण तो उतरवायला ब्राउझर उघडू नका, तिथं तुमाला काही ऐकू यायचं न्हाय. रीडरच्याच मेनूत जावा. मदत म्हणून हाय बघा, त्यात नवीन आवृत्ती तपासा असं येतंय."

एका हातात फोन, एका कानाला हेडफोन, असा तो मेनूत उतरला. ते सापडलं. उतरवायला सुरुवात झाली. कॉलेजचं नेट गोगलगाईसारखं चालत होतं, दर थोड्या वेळानं बाई टक्केवारी सांगत होती. राजेश्वरी फोनवर थांबून राहिली. मधेच तिनं कुणालातरी सांगितलं, "टपाल तिथं ठेवा, मी बोलायलाव." 

उतरवून झालं आणि मशीननं पासवर्ड मागितला. नवं काही बसवायचं तर मुख्य पासवर्ड लागायचा, आणि तो धनाजीनं नारायणरावांकडं दिलेला होता.

"थांबतेस का जरा?" त्यानं राजेश्वरीला विचारलं.

"थांबते. पण लवकर या."

नारायणराव केबिनमध्ये डबा आवरत होते. उमाशंकरनं दारात उभं राहून सांगितलं काय करायचं आहे ते. नारायणरावांनी डब्याचं झाकण लावलं.

"उमाशंकर, मुदत परवा संपते. ह्यात अजून काही बिघडलं म्हणजे?"

"बिघडलं तर माझ्याच मशीनवर बिघडेल सर. तुमची दोन्ही मशीनं वेगळी आहेत."

"पण गरज काय? शंतनू करतोय. मी करतोय. तुमच्यावर कुणी बोट ठेवलंय का?"

"नाही ठेवलं."

"मग?"

उमाशंकरनं दाराची चौकट धरली होती. त्याला मोठं बोलता यायचं नाही. तो म्हणाला, "सर, तुम्ही माझ्यासाठी दोन वर्षं काढलीत. ते मी विसरलो नाही. पण त्या दोन वर्षांत मी रोज इथं नुसता बसून घरी जायचो. काल मला परत तसं वाटलं. मला वेळ लागू द्या, चार अर्ज कमी होऊ द्या, पण माझं काम माझ्याकडं राहू द्या."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग त्यांच्या चपला घासत उमाशंकरच्या पुढं निघाल्या.

दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत त्यांनी पासवर्ड टाकला. एकदा चुकला, पुन्हा टाकला. "झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं. आता पुढचं येईल."

पुढं एक सूचना आली. बाई नेहमीच्या सुरात वाचू लागली आणि उमाशंकरनं तिचा वेग मुद्दाम कमी केला. नव्या आवृत्तीत वरून जोडलेले काही जुने भाग चालणार नाहीत, ते बंद केले जातील. खाली त्यांची यादी होती. त्यात एकच नाव होतं. तो मराठी आवाजच होता.

"राजेश्वरी, हा आवाज जाणार म्हणतंय."

"व्हय, जातोय. माझा पण गेला मागच्या वर्षी. बनवणाऱ्यांनी ते काम सोडून दिलंय. दुसरा आवाज आपसूक येतंय, पण त्याची सवय लागाय वेळ लागतंय."

"याच्याशिवाय पुढं जाता येत नाही का?"

"न्हाय. मला समजलंय म्हणून तिथं खूण करावी लागती, तरच पुढचं बटण उघडतंय."

अकरा-बारा वर्षं तो आवाज त्याच्या कानात होता. अव्वा गेली त्या महिन्यात रजा संपवून तो ऑफिसात आला तेव्हा सगळ्यात आधी हाच आवाज त्याच्याशी बोलला होता, नेहमीसारखी तारीख सांगितली होती. मशीनचा आवाज तो, त्याला काय कळणार? तरी उमाशंकर बराच वेळ बोट बटणावर ठेवून बसून राहिला. नारायणराव शेजारी उभेच होते. त्यांनी विचारलं, "काय अडलंय?"

"काही नाही सर."

त्यानं खूण केली. पुढचं बटण दाबलं.

बसवताना रीडर स्वतःच बंद झाला आणि कान एकदम मोकळा झाला. बाहेर हायवेवर एक टँकर ब्रेक मारत गेला. शंतनू जेवून आला, त्याच्या पिशवीची खसखस झाली. मग हेडफोनमध्ये टुणटुण वाजलं आणि एका पुरुषाचा, पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा आवाज आला. पहिले शब्द उमाशंकरला कळलेच नाहीत. त्यानं वेग कमी केला, आणखी कमी केला, शाळेतल्या पोराला शिकवावं इतका कमी केला. मग ब्राउझर उघडला आणि साईटवर गेला.

"शिष्यवृत्ती," डब्यातला माणूस म्हणाला. "प्रवेश करा. बटण."

"बोलला का?" फोनवरून राजेश्वरीनं विचारलं.

"बोलला."

"मग आता मी ठेवते, माझ्या म्होरं टपालाचा ढीग पडलाय. आन् भाऊ, दोन्हीचं अपडेट चालू ठेवा आता. थोडं थोडं बदललं तर थोडं थोडं शिकावं लागतंय. साचवून ठेवलं की असं अंगावर येतंय." आणि तिनं फोन ठेवून दिला. रागावली नाही म्हणून उमाशंकरला उलट जास्त ओशाळल्यासारखं झालं.

नारायणराव अजून तिथंच होते. त्यांनी शंतनूला सांगितलं, "उमाशंकर सरांचे जे अर्ज राहिलेत ते त्यांना दे."

"सगळे?"

नारायणराव म्हणाले, "निम्मे दे. बाकीचे तुझ्याकडंच राहू दे. मुदत आहे परवाची."

म्हणजे निम्मंच परत आलं. उमाशंकरला ते ऐकू आलं आणि त्यानं मान हलवली. आज याहून जास्त मागायची त्याच्यात ताकद नव्हती. गुरुवारी आणि शुक्रवारी तो त्या अनोळखी आवाजाशी झुंजत राहिला. तो माणूस 'ळ' धड म्हणायचा नाही, आडनावं तोडून वाचायचा, 'बिराजदार'चं काहीतरी भलतंच करायचा. एकेक अक्षर सुटं वाचून खात्री करून घ्यावी लागायची. पूर्वी तासात जेवढे अर्ज व्हायचे त्यांना आता अख्खी दुपार लागत होती. संध्याकाळी डोकं इतकं जड व्हायचं, की शिवप्रियानं वाढलेलं ताट तो न बोलता संपवायचा. तिनं विचारलं, "चालू झालं ना पण?" तो म्हणाला, "झालं."

शनिवारी चारच्या आत त्याच्याकडचे सगळे अर्ज गेले. शंतनूचे थोडे राहिले होते, ते दोघांनी मिळून केले. शंतनूनं नाव वाचायचं, उमाशंकरनं मागच्या वर्षीचा अर्ज आठवून सांगायचं, असं चाललं होतं. संपल्यावर शंतनू हात ताणत म्हणाला, "सर, तुम्हाला एवढी नावं लक्षात कशी राहतात?"

"ऐकलेलं राहतं," उमाशंकर म्हणाला.

सोमवारी धनाजी ठरल्याप्रमाणे आला. उमाशंकरनं त्याला सांगितलं, की माझं चालू झालंय, तू फक्त अपडेट आपोआप येईल असं करून ठेव, पण कामाच्या वेळेत नको. धनाजीनं तसं करून दिलं. पुन्हा कधी असं अडकलं तर आधी कुणाला फोन करायचा, म्हणून त्यानं राजेश्वरीचा नंबरही मागून घेतला.

धनाजी गेल्यावर नारायणराव टेबलाशी येऊन थांबले. त्या दिवसानंतर ते दोघं कामापलीकडं बोलले नव्हते.

"उमाशंकर, मी मार्चला निवृत्त होतोय. माझ्या जागी कोण येईल माहीत नाही. त्याला तुम्हालाच सगळं सांगावं लागेल."

"सांगेन सर."

"पहिल्यापासून सांगावं लागेल."

"हो," उमाशंकर म्हणाला. "ते तर आहेच."

नारायणरावांनी जरा वेळ टेबलावर बोटं वाजवली. चपला घासत केबिनकडं गेले. खिडकीशी कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं, बांगड्या गजाला लागून वाजल्या. दाखल्याचं काहीतरी काम होतं. उमाशंकरनं हेडफोन नीट बसवला, डब्यातल्या माणसाचा वेग अगदी जरासा वाढवून पाहिला, आणि म्हणाला, "हं, सांग बाळा. नाव सांग, सावकाश सांग."